श्वासाचा हिशेब

न्यूमोनियामुळे आजीला अतिदक्षता विभागात हलविले, तेव्हा दाराच्या काचेतून मी पाहिले की शिंप्यासारखी टेप घेऊन सिस्टर तिला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजीत आहेत. त्या बाहेर येताच मी म्हणालो, "वजन सत्तर किलो आहे." त्या कन्नडमध्ये एवढेच म्हणाल्या, "तूक अल्ल, एत्तर." वजन नव्हे, उंची! मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पण व्हेंटिलेटरचा हिशेब उंचीवर का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. उंचीवरून एक 'अपेक्षित वजन' काढतात. सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करावे, उरेल त्याला ०.९१ ने गुणावे आणि पुरुष असल्यास ५०, स्त्री असल्यास ४५.५ मिळवावे. आजीची उंची १५०, म्हणजे वजन धरायचे सुमारे ४३ किलो. एका श्वासाला किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर हवा देतात. ८ च्या दराने सत्तरावर ५६० झाली असती, त्रेचाळीसवर होते ३४४. मुद्दलच चुकीचे धरले की व्याज चुकणारच. आणि इथे ती चूक मिनिटाला पंधरा-सोळा वेळा होते. बुटक्या, स्थूल स्त्रियांना हा धोका अधिक. फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्या गटातील ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ दिलेल्या गटातील ३१ टक्के.

बाकीचे आकडे थोडक्यात सांगतो. प्राणवायू बहुधा १०० टक्क्यांपासून सुरू करून लवकरच उतरवितात. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटू नयेत म्हणून ५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब राखतात; आणि श्वास भरून क्षणभर थांबविला असता दाब ३० च्या वर जाऊ देत नाहीत.

श्वासांची संख्या मात्र सर्वांना एक लावून चालत नाही. दमेकऱ्याला हवा बाहेर सोडायला वेळ लागतो. घाई केली तर मागची शिल्लक साठत जाते, छाती फुगते, रक्तदाब कोसळतो. त्याला मिनिटाला दहाच्या आसपासच श्वास देतात. उलट मधुमेहाने रक्तात आम्ल वाढलेला रुग्ण ते उतरविण्यासाठी आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला यंत्रावर चौदावर आणले तर त्याचा एकमेव आधारच काढून घेतल्यासारखे होते.

आजीच्या यंत्रावर त्या रात्री ३२० आणि १६ हे आकडे होते. पाचव्या दिवशी नळी निघाली. तिने लगेच चहा मागितला. तो मात्र कोणी दिला नाही.