संकटात देव कुठे असतो?

सन २०२० चा उन्हाळा आपण कसारेकर विसरणार नाही. करोनाची साथ आली. मार्चमध्ये लोकल गाडी सर्वांना बंद झाली. मुंबईकडे रोजगाराला जाणारे घरी बसले. मे महिन्यात मजुरांचे जथे मुंबईहून पायी आले. डोक्यावर बोचके, कडेवर पोर. भर उन्हात ते घाट चढून नाशिककडे गेले. देवळांनाही कुलपे लागली होती. आषाढीची पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. ने पंढरपूरला गेल्या.

तेव्हा कोणी म्हणाले, "देव झोपला का?" कोणी म्हणाले, "आपलंच पाप नडलं." भल्याभल्यांचा विश्वास डळमळला. असे झाले म्हणून कोणी स्वतःला पापी समजू नये. असे दिवस तुकोबांवरही आले होते.

तुकाराम महाराज देहूचे. घरात विठ्ठलाची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. स्वतः दुकान चालवीत. आईबाप लवकर वारले. पुढे सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धान्य मिळेना. माणसे आणि गुरे पटापट मेली. तुकोबांचे दुकान बुडाले. त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. लहान मुलगाही गेला.

आता विचार करा. एवढ्या भक्ताच्या घरी असे का व्हावे? त्यांनी पाप केले होते काय? मुळीच नाही. पाऊस पडला नाही, म्हणून दुष्काळ आला. दुष्काळ घर पाहून येत नाही. साथही जात पाहून येत नाही. तेव्हा दुःखात बुडालेल्या शेजाऱ्याला "तुझं पाप नडलं" असे आपण कधी म्हणू नये. ते जखमेवर मीठ चोळणे होय.

मग तुकोबांनी काय केले? ते गप्प बसले नाहीत. देवाशी भांडले. लेकरू आईशी भांडते, तसे भांडले. आपले दुःख त्यांनी अभंगांत उघड सांगितले. पण देवाचा हात सोडला नाही. रागावूनही बोलत राहणे, हीसुद्धा भक्तीच.

आणि ते नुसते बोलत बसले नाहीत. गावातले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते त्यांनी दुरुस्त केले. लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते घरात होती. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रात सांगतात. स्वतः दुःखात असून त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरवला.

आपल्या घाटाचेच पाहा ना. घाटमाथ्यावर घाटनदेवीचे देऊळ आहे. घाट उतरण्याआधी गाडीवान देवीला हात जोडतो. म्हणून तो ब्रेकवरचा पाय काढतो का? नाही. देवावर भरवसा ठेवायचा आणि आपले कामही करायचे. घरात कोणाला साप चावला, तर देवाचे नाव जरूर घ्यावे. पण अंगारा लावून वाट पाहू नये. तडक सरकारी दवाखाना गाठावा.

भातसा आणि तानसा ही धरणे आपल्याच शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. तरी उन्हाळ्यात आपल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी मन कडू होते. देवाला जरूर विचारावे, "आमच्याच वाट्याला हे का?" पावसासाठी त्याला हात जोडावेत. आणि त्याच हातांनी ग्रामसभेत पाण्याच्या अर्जावर सही करावी. आता आपल्याला अंगठा उठवावा लागत नाही.

वाचा आणि सांगा
१. तुकोबांवर कोणती संकटे आली?
२. त्यांनी दुसऱ्यांसाठी काय केले?
३. साप चावल्यास आपण काय करावे?
४. २०२० साली तुमच्या पाड्यात कोण कोणाच्या मदतीला आले? चार ओळी लिहा.