आकाशातील संकेत, काचतंतूंची वाट

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या दुर्बिणीचे लोकार्पण २००१ साली झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत.

प्रत्येक तबकडीने टिपलेला क्षीण संकेत भूमिगत काचतंतूंतून प्रकाशरूपाने मध्यवर्ती केंद्रात येतो. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे २० किलोमीटरला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. जवळच्या तबकडीचा संकेत अर्थातच आधी पोहोचतो. असे फरक गणकयंत्राने भरून काढल्यावरच सर्व संकेत जुळून एक चित्र तयार होते. हीच माहिती पुढे जलदगती जाळ्यावरून इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही अभ्यासता येते.

परंतु सैल वीजतारेवरील ठिणगीही हा संकेत झाकोळते आणि खोदाईत तंतू तुटल्यास ती तबकडी मुकी होते. म्हणून परिसरातील ग्रामस्थांनी पंपाच्या वीजजोडण्या घट्ट ठेवाव्यात व खोदकामापूर्वी चौकशी करावी. शिक्षकांनी यामागील कारण मुलांना समजावून द्यावे.