शाळेची गोड आठवण : एका अलीकडच्या सुखाचा इतिहास

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की तिसऱ्या-चौथ्या वक्त्यापर्यंत एक वाक्य हमखास येते : "ते दिवस पुन्हा यायचे नाहीत." बोलणारा कुणी वीज कंपनीत अभियंता असतो, कुणी रुग्णालयात परिचारिका, कुणी पुण्यात संगणकाच्या नोकरीत. घराचा हप्ता, मुलांच्या शिकवण्या, आई-वडिलांची औषधे, कार्यालयातली ओढाताण, या सगळ्यांतून सवड काढून ही मंडळी येतात आणि पहाटेच्या घंटेबद्दल, रांगेत उभे राहून म्हटलेल्या त्रिशरण-पंचशीलाबद्दल, पत्र्याच्या पेटीबद्दल, पातळ वरणाबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलतात. त्याच वरणाविरुद्ध त्यांनी एके काळी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला होता, हे आम्हा शिक्षकांना चांगले आठवते. असो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या हळव्या बोलण्याकडे पुरावा म्हणून पाहावेसे वाटते. आपल्या समाजातील माणसाला शाळेची आठवण गोड वाटते, ही घटना इतिहासात नेमकी केव्हा घडली?

मराठीत या भावनेला 'स्मरणरंजन' असा नेटका शब्द आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मात्र एका आजाराचे नाव म्हणून जन्माला आला. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या तरुण वैद्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. 'परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने त्यासाठी जोडले. त्याने वर्णिलेल्या रुग्णांत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक विद्यार्थीही होता. घराच्या ओढीने तो खंगत गेला आणि घरी पाठवल्यावर सुधारला. निवासी शाळेतील कोणत्याही शिक्षकाला हा रुग्ण ओळखीचा वाटेल. जून-जुलैत गडचिरोली-भंडाऱ्याकडून आलेली नवी मुले पहिले आठ दिवस फाटकाकडे तोंड करून बसतात. तीच मुले वीस वर्षांनी, स्वतःच्या घराला कुलूप लावून, वसतिगृहाची खोली बघायला येतात. मानसशास्त्रज्ञ सांगतात की उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी सर्वाधिक येतात. तेव्हा ही ओढ सर्वांनाच असते. परंतु ओढ असणे आणि ती गोड असणे, या दोन गोष्टींत आपल्या समाजापुरते सुमारे पाऊण शतकाचे अंतर आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. नोंदवहीतील क्रमांक १९१४. हा मुलगा पुढे बॅरिस्टर झाला, प्राध्यापक झाला, गोलमेज परिषदेत बोलला. १९३०च्या दशकाच्या मध्यास, चळवळीच्या ऐन धकाधकीत, त्यांनी इंग्रजीत काही आठवणी स्वहस्ते लिहून काढल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. मोठेपणीच्या व्यग्रतेतून बालपणाकडे टाकलेली दृष्टी म्हणून ते लेखन वाचावे. तिथे शाळा आहे, मात्र खेळाचा तास नाही, मित्रांच्या खोड्या नाहीत. तिथे एक तरट आहे. ते घरून आणायचे, वर्गात बाजूला अंथरून त्यावर बसायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. आणि तिथे पाणी आहे. शिपायाने नळ उघडून दिला तरच प्यायचे. शिपाई नसेल तर तहान दाबून बसायचे. पन्नाशीकडे वाटचाल करणाऱ्या एका विद्वानाला शाळा म्हटल्यावर प्रथम आठवते ते हे. स्मरण आहे, त्यात रंजन कुठे असणार?

याच महापुरुषाने एका शिक्षकाचा जिव्हाळाही आयुष्यभर मनात जपला होता, आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी सत्कारप्रसंगी दिलेले बुद्धचरित्रही. याचा अर्थ त्यांच्या स्मृतीत केवळ कडवटपणा होता असा नाही. तिने गोडव्यासाठी कडू गोष्ट पुसली नाही, इतकेच. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृतीचा अर्थ बाबासाहेबांनी मनाची अखंड जागृती असा लावला आहे. पालीतील 'सति' या शब्दात आठवणे आणि जागे असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपल्या लेखनासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आपल्या नागपुराकडे वळू. ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून शाळेवर बहिष्कार पडला आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा काढली. त्या शाळेतल्या मुलींच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या असत्या तर! त्यानंतरच्या पिढीतील कुमुद पावडे यांनी ते केले. 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात त्यांनी आपल्या संस्कृत शिकण्याची कथा सांगितली आहे. शाळेतील गोखले गुरुजींचा सनातनी पेहराव पाहून ते आपल्याला शिकवणार नाहीत असे या मुलीला वाटले होते. त्यांनी मात्र मनापासून शिकवले. ही शाळेची गोड आठवण आहे खरी, पण ती गोड आहे कारण अपेक्षा कडू होती. उजवीकडच्या बाकावरच्या मुलीला गुरुजींनी शिकवले यात आठवण्यासारखे काही नव्हते.

१९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी', १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी'. ही मंडळी लिहायला बसली तेव्हा कमावती, नोकरदार, संसारी होती. 'बलुतं'ची तर मांडणीच अशी आहे की शहरात स्थिरावलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. प्रौढ माणूस आणि त्याच्यातला शाळकरी पोर समोरासमोर बसले आहेत. त्या काळी काही समीक्षकांनी या आत्मकथनांना रडगाणी म्हटले. ज्यांच्या शाळेच्या आठवणींत चिंचा-बोरे आणि नदीवरचे पोहणे होते त्यांना दुसऱ्या प्रकारची आठवण असू शकते हेच ठाऊक नव्हते, असे माझे मत आहे. आणि ते मी वर्गातही सांगतो.

मग गोडवा आला कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे तो वसतिगृहातून आला. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. झोपडीत दिवा नाही, बसायला कोपरा नाही, गावात पाणी मागायची सोय नाही. अशा मुलाला नुसती शाळा देऊन भागत नाही, त्याला छप्पर आणि ताट द्यावे लागते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. नागपूरच्या चोखामेळा वसतिगृहाने विदर्भातील कित्येक पिढ्यांना हे छप्पर दिले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आली, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, १४ ऑक्टोबर १९५६ नंतर समाजाने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हिमतीने शाळा काढल्या. दीक्षाभूमीवरील डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ चे. आपली शाळा याच ओळीतली.

या ठिकाणी प्रथमच असे घडले की मूल पंगतीत कुठेही बसले, कुठल्याही माठात पेला बुडवला आणि कुणी डोळे वटारले नाहीत. उलट माठात हात बुडवला म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी पाठीत धपाटा घातला, तो फक्त स्वच्छतेसाठी! पातळ वरणाला आज जी चव आठवते तिच्यात या निर्धास्तपणाचा वाटा मोठा आहे.

या स्मरणिकेसाठी आलेले लेख वाचताना मला एक गोष्ट जाणवली. डिसेंबरातल्या पहाटेच्या गार आंघोळीचे वर्णन बहुतेकांनी केले आहे. चोरून खाल्लेल्या संत्र्यांबद्दल आहे, सहलीबद्दल आहे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना तुटलेल्या चपलेबद्दल आहे. पिण्याच्या पाण्याचा उल्लेख मात्र एकानेही केलेला नाही. सातारच्या त्या मुलाला शाळा म्हटल्यावर जे सर्वांत आधी आठवले, ते आमच्या एकाही विद्यार्थ्याला आठवले नाही. इतिहासात कधी कधी अनुल्लेख हाच सर्वांत मोठा पुरावा ठरतो. तहान न आठवणे ही तीन पिढ्यांची कमाई आहे.

म्हणूनच या गोड आठवणींविषयी थोडी काळजीही वाटते. वसंत मून यांनी 'वस्ती' (१९९५) मध्ये नागपूरच्या ज्या वस्तीचे चित्र रेखाटले, तिथला ओलावा आणि तिथली उपासमार दोन्ही त्यांनी एकाच हाताने लिहिली. बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे खंड संपादित करणारा हा माणूस. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले तोही त्यांच्याच संपादनाखाली १९९३ मध्ये निघाला. दुसऱ्याच्या कागदांची इतकी राखण करणाऱ्याने आपल्या वस्तीचीही नोंद करून ठेवली. आमच्या मेळाव्यांतून अशी नोंद होताना दिसत नाही. आई-वडिलांना शाळेची जी आठवण आहे ती फाटकापर्यंतचीच. एम्प्रेस मिलची पाळी संपवून, विड्यांच्या कट्ट्या मोजून देऊन, रविवारी डबा घेऊन येणारा पालक फाटकाशी थांबे, मुलाला जेवताना बघे आणि शेवटची एसटी गाठायला निघून जाई. त्याला कुणी विचारले आहे का की तुमच्या लेखी ही शाळा काय होती? त्या पिढीतील माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आणि जे मेळाव्याला येतच नाहीत त्यांचे काय? प्रत्येक तुकडीत काही नावे अशी असतात की जी दहावीच्या सामूहिक छायाचित्रात नाहीत. कुणी सातवीत शाळा सोडली, कुणा मुलीचे आठवीनंतर लग्न झाले, कुणी बापाच्या आजारपणात विटाभट्टीवर गेला. त्यांची आठवण गोड असेलच असे नाही; ती आपल्याविषयी, आम्हा शिक्षकांविषयी, बोचरीही असू शकेल. तीही लिहिली गेली पाहिजे. भ्रमणध्वनीवरील गटात रोज सकाळी 'जय भीम, नमो बुद्धाय' पाठवणारे आपण सारे त्या गटात कोण नाही हे एकदा मोजून बघू या. कामाच्या रगाड्यात हे होत नाही, ही सबब मला मान्य आहे. तथापि बाबासाहेबांनी ते पान लिहिले तेव्हा त्यांनाही सवड नव्हती.

साताऱ्याची ती नोंदवही कुणी रद्दीत घातली नाही म्हणून ७ नोव्हेंबर हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. आपल्या शाळेच्या नोंदवह्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. जुन्या प्रवेश अर्जांचे गठ्ठेही आहेत, काहींना वाळवी लागू लागली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही माजी विद्यार्थी रविवारी दोन-तीन तास देऊ शकले तर त्यांची सूची करण्याचे काम सुरू करता येईल. मी कपाटाची किल्ली घेऊन बसेन. पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात मिल कामगार, विडी कामगार, सायकलरिक्षा, शेतमजुरी, रेल्वेत खलाशी असे शब्द वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. सहीच्या जागी कितीतरी अर्जांवर अंगठा आहे. आणि शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात काही मुलींच्या नावांपुढे एवढेच लिहिले आहे : 'घरकाम'.