‘घरी न्या’ म्हणण्याआधी

माझे सासरे, आमचे अण्णा, आकुर्डीच्या बजाज ऑटोमधून निवृत्त झालेले. पंचाहत्तरीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला. ‘दुखतंय’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. आम्हाला कळायचं ते त्यांच्या बसण्यावरून: सगळा भार एका कुशीवर, पलंगाची कड घट्ट धरलेली. दवाखान्यात बोलणं व्हायचं ते पीएसएच्या रक्ततपासणीचं, स्कॅनचं, पुढच्या इंजेक्शनचं. दुखतंय किती, हे कुणी विचारलंच नाही. मग एक दिवस ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या’ म्हणून फाइल हातात दिली.

करण्यासारखं पुष्कळ होतं! पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, सेंटर १९९७ पासून आहे. घरच्या माणसालाही पेशंटजवळ राहता येतं आणि पैसे घेत नाहीत. तिथे अण्णांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. ‘अफूच ती, सवय लागेल,’ असं नातेवाइकांनी घाबरवलं. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, हे मी आता ठामपणे सांगते. गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. कळ यायची वाट बघायची नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठता होतेच. सुरुवातीला मळमळ, गुंगी येते, ती बहुधा ओसरते. दुखऱ्या हाडाला रेडिएशनची एकच बैठकही पुष्कळदा आराम देते, हेही विचारून घ्या. त्या ज्येष्ठात तुकोबांची पालखी निगडीत आली, तेव्हा अण्णा रस्त्याकडेला खुर्ची टाकून दर्शनाला बसले होते.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘पसरलाय’ असं कळेल त्याच दिवशी पॅलिएटिव्ह केअरचं विचारा. उपचार थांबवावे लागत नाहीत, दोन्ही बरोबरीने चालतं. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला, तेव्हापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय, पण ‘तुमच्याकडे मिळतं का’ हे आपणच विचारायचं. आणि हाडांत पसरलेल्या पेशंटचे पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर सकाळपर्यंत थांबू नका. मणक्यातली नस दाबली गेलेली असू शकते. रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्या.