उशाशी बसलेले माणूस

(घरात कोणी दीर्घकाळ आजारी पडले की सर्वांचे लक्ष आजाऱ्याकडे जाते. रात्रंदिवस त्याची सेवा करणाऱ्या माणसाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत पाठात लेखकाने नाशिकच्या आपल्या घरातील एक आठवण सांगून या माणसाची ओळख करून दिली आहे.)

मी तेव्हा नववीत होतो. जुन्या नाशकात आमचे दोन खोल्यांचे घर होते. रमजान ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील. पहाटे वजू करायला उठलेली दादी न्हाणीच्या उंबऱ्यावर कोसळली. तिचा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. तोंड वाकडे झाले. जीभ अडखळू लागली. तिला पक्षाघात झाला होता. आपण घरी याला फालिज किंवा लकवा म्हणतो. मेंदूच्या एखाद्या भागाला होणारा रक्तपुरवठा अचानक बंद पडला, की त्या भागाच्या ताब्यातले अवयव दुबळे होतात. गंमत अशी, की मेंदूची उजवी बाजू बिघडली तर शरीराची डावी बाजू लुळी पडते. दादी दोन आठवडे दवाखान्यात राहिली आणि घरी आली ती खाटेवरच.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजाऱ्याच्या भेटीला जाणे, म्हणजे इयादत, हे आपल्याकडे सवाबचे काम. सारा मोहल्ला लोटला. कोणी मोसंबी आणली, कोणी द्राक्षे आणली, कोणी दम केलेले पाणी आणले. सगळे दादीच्या खाटेभोवती बसत, दुवा मागत, दुसऱ्या कोणाला फालिज कसा झाला होता आणि तो कसा बरा झाला, याच्या गोष्टी सांगत. अम्मी आत चहा ठेवी. एका रविवारी मी सहज मोजले, तर संध्याकाळपर्यंत चहाचे एकवीस कप झाले होते. ते सारे कप अम्मीनेच धुतले.

रात्री काय होत होते, ते मला फार उशिरा कळले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वतः कूस बदलता येत नाही. एकाच जागी शरीराचा भार राहिला, तर तिथला रक्तपुरवठा कमी होतो, कातडी लाल होते आणि पुढे जखम होते. कंबरेच्या खाली, टाचांना, खुब्याला अशा जखमा होतात. त्या लवकर भरून येत नाहीत. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता अम्मी उठत होती. त्याशिवाय पाणी, लघवी, ओली झालेली चादर हे होतेच. फजरनंतर तिचा दिवस सुरू होई. अब्बा गॅरेजमध्ये कामाला होते. ते वाईट नव्हते. औषधांचे पैसे आणले म्हणजे आपल्या वाट्याची सेवा झाली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. मी माझ्या पुस्तकात डोके घालून बसे आणि भूक लागली की अम्मीला हाक मारी.

तीन महिने असे गेले. अम्मी शेजारी जाईनाशी झाली. लग्नाची बोलावणी आली तरी ती जाईना. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. दादीच्या गोळ्या ती घड्याळ लावून देई आणि स्वतःच्या विसरून जाई. आणि एका दुपारी दादीने तिसऱ्यांदा पाणी मागितले, तेव्हा अम्मी ओरडली, "आता काय माझा जीव घेणार आहात का?"

घरात शांतता पसरली. अम्मीला मोठ्याने बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने दादीला चमच्याने पाणी पाजले, तिचे ओठ पुसले आणि ती जिन्यात जाऊन बसली. मी डोकावून पाहिले. ती रडत होती. मला पाहून म्हणाली, "मी गुन्हेगार आहे रे. आजारी माणसावर ओरडले."

आमच्या गल्लीच्या टोकाला निवृत्त झालेल्या एक परिचारिका राहत. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. दादीला पाहायला त्याही आल्या. त्यांनी दादीची पाठ तपासली, टाचा पाहिल्या. मग त्या अम्मीकडे वळल्या.

"भाभी, तुम्ही सलग कधी झोपला होता शेवटच्या?"

अम्मीची मराठी मोडकीतोडकी होती. "झोप काय ताई, होते अधूनमधून," ती म्हणाली.

"हात पुढे करा," म्हणत सिस्टरबाईंनी तिचा रक्तदाब मोजला. यंत्राकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या घरात आजारी माणसे दोन आहेत," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे एकालाच भेटायला येता."

संध्याकाळी त्यांनी अब्बांना बोलावून घेतले. त्यांनी भाषण दिले नाही. आधी त्यांनी आठ विटा आणवल्या आणि खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन ठेवल्या. खाट उंच झाली आणि अम्मीचे वाकणे निम्म्यावर आले. मग त्यांनी एक जुनी चादर चौघडी करून दादीच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत खाली सरकवली. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरायची आणि आजाऱ्याला चादरीसकट वळवायचे. हाताला धरून ओढायचे नाही. कारण लुळ्या हाताचा खांदा ओढल्याने निखळू शकतो. वळवताना आपली पाठ सरळ ठेवायची आणि गुडघे वाकवायचे. वळवल्यावर पाठीशी उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. भरवताना आजाऱ्याला टेकवून बसते करायचे आणि घास चांगल्या बाजूने द्यायचा. आडव्या माणसाला पाणी पाजले, तर ते श्वासनलिकेत जाते. अब्बांनी आणि मी चार वेळा करून दाखवले, तेव्हा त्या उठल्या.

जाताना त्यांनी अब्बांना एकच प्रश्न विचारला. "रात्रीचे दोन आणि चार कोणाचे?"

कोणाला उत्तर देता येईना. आमच्या घरात दोन आणि चार हे कोणाचे तरी असतात, हेच आम्हांला माहीत नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या उर्दूत आजाऱ्याची सेवा करणाऱ्यासाठी 'तीमारदार' हा सुंदर शब्द आहे. मराठीत आपण 'शुश्रूषा' म्हणतो. हा शब्द संस्कृतातून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. सेवा म्हणजे आधी ऐकणे, असे जुन्या लोकांना वाटत असावे. पण तीमारदाराचे कोणी ऐकायचे, हा प्रश्न राहतोच. अशा माणसाची जी अवस्था होते, तिला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. दिव्यातले तेल संपले की वात स्वतःच जळू लागते, तसे हे असते. झोप उडते, चिडचिड होते, माणसे नकोशी होतात आणि मग चिडल्याबद्दल स्वतःचाच राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांची नवी यादी स्वीकारली, तीत बर्नआउटचे वर्णन आहे. परंतु ते केवळ नोकरीच्या ठिकाणच्या ताणापुरते आहे. अम्मीला नोकरी नव्हती. म्हणजे त्या यादीप्रमाणे तिला बर्नआउट होऊच शकत नव्हता! त्याच वर्षी आपल्या देशात सरकारने एक पाहणी केली. मुले, म्हातारी आणि आजारी माणसे यांची घरात विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, तर अशी देखभाल करणारे पुरुष ७६ मिनिटे देतात, असे तीत आढळले. आमच्या घराची त्या वेळी पाहणी झाली असती, तर पुरुषांच्या रकान्यात शून्य लिहावे लागले असते.

एखाद्याची सेवा किती वर्षे करता येते? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मधली साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची न्यायालयाने नोंद घेतली. हे त्या परिचारिकांच्या मायेमुळे झाले, हे खरेच. पण माया आमच्या अम्मीकडेही होती. तिच्याकडे नव्हती ती दुसरी गोष्ट. रुग्णालयात आठ तासांनी दुसरी परिचारिका येते. पहिली घरी जाते, जेवते, झोपते. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. एकीने एकटीने हे केले असते, तर काय झाले असते?

काही आजार अंगावर दिसतही नाहीत. मूळचे धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार झाला. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेसलते संशय येतात. औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. असे माणूस घरात असले की लोक भेटायलाही येत नाहीत, उलट कुजबुजतात. वाणी यांनी पुढे पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. तेथे आजाऱ्यांचे नातेवाईक एकत्र बसतात आणि एकमेकांशी बोलतात. 'कालच मी त्याच्यावर ओरडले,' असे एखादी आई सांगते आणि समोरची दुसरी आई मान डोलावते. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही वाणी यांचाच पुढाकार होता. आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण त्यात दिसते. या संस्थेत आजाऱ्याला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. निदान त्या माणसाला नाव तरी मिळाले. कायद्यानेही ते दिले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे आणि तीत मोबदला न घेणारे आईवडील व घरची माणसेही येतात.

आमच्याकडे मात्र खरी अडचण अम्मीचीच होती. सासूची सेवा दुसऱ्याच्या हाती देणे तिला पाप वाटे. तेव्हा नानांनी तिला हजरत सलमान फारसी यांची हकिकत सांगितली. त्यांचे मित्र हजरत अबू दरदा दिवसभर रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. सलमान त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी आग्रहाने त्यांना जेवू घातले आणि रात्री झोपायला लावले. जसा रबचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या देहाचा आणि घरच्यांचाही आहे, अशा अर्थाचे ते बोलले. पैगंबरसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा सलमान खरे बोलले, असे त्यांनी सांगितले. अम्मी गप्प ऐकत राहिली.

मग वाटणी झाली. रात्रीचे दोन अब्बांचे. चार वाजता चाचा उठणार. त्यासाठी ते आठवड्यातून तीन रात्री आमच्याकडे झोपू लागले. मालेगावची फूफी महिन्यातून चार दिवस येऊन राहणार. भेटायला येणाऱ्यांना चहा नाही, हे अब्बांनी स्वतः सांगितले. काहींना राग आला. पण शेजारच्या खाला दुसऱ्या दिवशी सालनाचा डबा घेऊन आल्या आणि दादीकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात शिरल्या. "तू कशी आहेस?" त्यांनी अम्मीला विचारले. हे वाक्य मी त्या घरात तीन महिन्यांत दुसऱ्यांदा ऐकत होतो.

माझ्या वाट्याला दुपारी चार ते मगरिब ही वेळ आली. पहिल्या दिवशी अम्मी आतल्या खोलीत आडवी झाली, पण तिचे कान बाहेरच होते. "चादर ओली नाही ना?" "उशी नीट लाव." "पाणी बसवून दे." मी 'हो, हो' म्हणत होतो. मी दादीला उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. मोठ्या मथळ्यांपेक्षा तिला बाजारभाव ऐकायला आवडत. कांद्याचा भाव ऐकून ती वाकड्या तोंडाने हसली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की आतून सूचना येणे थांबले आहे. मी डोकावलो. अम्मी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. ओढणीचे एक टोक जमिनीवर लोळत होते.

मगरिबची अजान झाली. अम्मी कधी अजान चुकवत नसे. तिला उठवायला मी वळलो, तोच मागून खाटेच्या फळीवर टकटक झाली. दादीने चांगल्या हाताने मला जवळ बोलावले आणि त्याच हाताचे बोट ओठांवर ठेवले.

शब्दार्थ
रीघ – माणसांची सतत ये-जा. पक्षाघात – फालिज, लकवा. कूस – शरीराची बाजू, करवट. शय्याव्रण – सतत पडून राहिल्याने होणारी जखम. शुश्रूषा – तीमारदारी. विनामोबदला – मजुरी न घेता. ओढाताण – कशमकश. रकाना – खाना.

स्वाध्याय
१. "या घरात आजारी माणसे दोन आहेत," असे सिस्टरबाई का म्हणाल्या?
२. खाटेखाली विटा ठेवल्याने आणि घडीच्या चादरीने कोणाला काय फायदा झाला, ते लिहा.
३. दादीने ओठांवर बोट ठेवले, तेव्हा तिच्या मनात काय असेल? आठ-दहा ओळी लिहा.
४. 'इयादत' आणि 'तीमारदारी' या शब्दांतील फरक मराठीत समजावून सांगा.
५. उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यात कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर त्यांच्या घरी जा. उशाशी बसलेल्या माणसाशी बोला आणि त्याचा एक तास मागून घ्या.