तान्हे बाळ सारखे आजारी पडते? रक्ताचा रिपोर्ट नीट पाहा

लालबागच्या चाळीत एखादा नातेवाईक नाही, असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. मूल फार आजारी पडले की त्याच्याकडे उतरायचे आणि शेजारच्या परळला, १९२९ साली सुरू झालेले वाडिया बाल रुग्णालय गाठायचे, ही जुनी रीत. पण एका आजारात तिथे पोहोचायला उशीर झालेला चालत नाही.

तो आजार म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव. डॉक्टर त्याला 'स्किड' म्हणतात. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. जनुकातील दोषामुळे या बाळांत त्या तयारच होत नाहीत किंवा निकामी असतात. जन्मतः बाळ गुटगुटीत दिसते. पुढे काही महिन्यांतच न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात पुन्हा पुन्हा येणारा पांढरा थर सुरू होतो आणि वजन वाढत नाही. उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळे पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात.

ओळखायचे कसे? साध्या रक्ततपासणीत एकूण पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइटची टक्केवारी दिलेली असते. समजा, पेशी ८,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के. म्हणजे संख्या १,६०० झाली. मोठ्या माणसात ती चालते. तान्ह्या बाळात मात्र ३,००० पेक्षा कमी संख्या आढळल्यास डॉक्टरांना जरूर विचारावे. पुढील तपासण्या परळलाच, के.ई.एम.च्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होतात.

लस द्यावी का? निरोगी बाळाला सर्व लसी वेळेवर द्याव्यातच. बी.सी.जी.च्या जागी छोटी फोड येणे स्वाभाविक आहे. परंतु बी.सी.जी., तोंडावाटे पोलिओ व रोटाव्हायरस या लसींत जिवंत, सौम्य केलेले जंतू असतात. 'स्किड'च्या बाळाला ते बाधतात. बी.सी.जी.ची जखम चिघळत राहिली, काखेत मोठी गाठ आली, तर बाळाला डॉक्टरांकडे न्यावे.

उपाय आहे का? आहे. निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण. जगातील पहिले यशस्वी रोपण १९६८ साली झाले. बाळ साडेतीन महिन्यांचे होण्याआधी, जंतुसंसर्ग जडण्यापूर्वी रोपण झाल्यास यश सर्वाधिक मिळते.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: आधीचे एखादे मूल, आईचा भाऊ किंवा मावशीचा मुलगा तान्हेपणीच गेला होता का? आईवडील नात्यातले आहेत का? 'दृष्ट लागली' म्हणून विसरलेला तो मृत्यू बाळंतपणापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घाला. बी.सी.जी. देण्याआधी तपासणी करता येईल आणि पुढचे बाळ वाचू शकेल.