ओस्टरबेकला उतर

चि. सोनूस,


वाखेनिंगेनला खोली मिळाली, सायकल घेतलीस, ज्वारीचं पीठही सापडलं म्हणतेस. मग आता अभ्यासाबाहेरचं एक काम सांगतो. एखाद्या रविवारी आर्नहेमच्या बसने निघ आणि वाटेत ओस्टरबेकला उतर. तिथे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे, सतराशेहून जास्त कबरी. सगळ्या पाहत फिरू नकोस. जॉन ग्रेबर्नची शोध आणि तिथेच थांब.

हा १९१८ साली कराचीजवळच्या मनोरा बेटावर जन्मला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. (तेवढ्यावरून त्याला 'आपला' करू नकोस, ती खोड आपल्याला आहेच.) ब्रिटिशांच्या दुसऱ्या पॅराशूट बटालियनमध्ये लेफ्टनंट होता. १७ सप्टेंबर १९४४ला ही बटालियन छत्र्यांनी उतरली ती रेन्कमजवळच्या माळावर, तुझ्या सायकलच्या टप्प्यात. घ्यायचा होता तो ऱ्हाइनवरचा आर्नहेमचा पूल, आणि तो दहाबारा किलोमीटर लांब! विमानविरोधी तोफांच्या धास्तीने वरिष्ठांनी पुलाजवळ उतरवणं टाळलं होतं. शिवाय आसपास जर्मनांच्या चिलखती तुकड्या आहेत, ही खबर असूनही तिला वजन दिलं नाही. शौर्याच्या गोष्टी सांगणारे हा भाग घाईने उरकतात. तू तो आधी वाच.

तरी बटालियन पुलाच्या उत्तर टोकाला पोचली, आणि त्याच रात्री ग्रेबर्न आपली पलटण घेऊन पुलाचं दक्षिण टोक घ्यायला निघाला. सुरुवातीलाच खांद्यात गोळी. माघारीचा हुकूम येईपर्यंत तो पुढेच रेटत राहिला आणि परतताना सगळ्यांच्या शेवटी आला. पुढे एक मोक्याचं घर धरून बसला. जर्मनांनी पुलाखाली सुरुंग लावले, तेव्हा त्यांना मागे हटवून सुरुंगांच्या वाती काढायला गेलेल्या आपल्या माणसांना संरक्षण दिलं. पुन्हा जखम झाली, या वेळी पाठीत. तरी जागा सोडली नाही. २० तारखेला रणगाडा अगदी अंगावर आला, तेव्हा उघड्यावर उभा राहून त्याने आपल्या माणसांना मागे काढलं. त्या रात्री तो मारला गेला. वय सव्वीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

आणि पूल हातचा गेला. ऱ्हाइनच्या उत्तरेला उतरलेल्या सुमारे दहा हजारांतले जेमतेम अडीच हजार नदी ओलांडून परतले. मोहीम फसली म्हणून हा माणूस लहान होत नाही, आणि तो मोठा म्हणून मोहीम शहाणपणाची ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेव. कुणी एकच सांगू लागला तर ऐकून घे, पण मान डोलावू नकोस.

तिथल्या लोकांचंही विचार. लढाईनंतर जर्मनांनी सगळं आर्नहेम रिकामं करवलं, आणि तो हिवाळा नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमारीचा गेला. सुटका करायला आलेल्यांमुळे ज्यांची घरं गेली, त्याच गावांतली शाळकरी मुलं १९४५पासून दर सप्टेंबरात या कबरींवर फुलं ठेवतात. एका कबरीपुढे एक मूल. मला ही रीत चौकातल्या आपल्या फ्लेक्सांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. जमलं तर सप्टेंबरातच जा. कुणी म्हातारं माणूस भेटलं तर लढाईचं नको, त्यांच्या घराचं काय झालं ते विचार. आणि सांगतील ते लिहून मला पाठव.

स्वेटर आईकडून गुरुवारी निघेल. पत्ता पुन्हा एकदा नीट कळव.

तुझा,
मामा